चुकलेले मूल आणि पालकांचे सत्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने श्रीभगवंतांना एक मोठा मार्मिक प्रश्न विचारला आहे. मनुष्याची स्वतःची इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीने ओढून न्यावे त्याप्रमाणे तो पापाकडे ओढला जातो, तो कोणाच्या प्रेरणेने? हा प्रश्न विचारणारा अर्जुन कोणी दुराचारी पुरुष नव्हता. तो इंद्रियनिग्रही, कुलीन व सत्यप्रिय होता. तरीही हा अनुभव त्याला परका नव्हता. आणि विशेष हे की, तुझ्यासारख्या थोर कुळातील पुरुषाच्या तोंडी असा प्रश्न शोभत नाही, असे म्हणून श्रीभगवंतांनी त्याला गप्प बसविले नाही. त्यांनी सरळ उत्तर दिले. रजोगुणातून उपजणारा काम आणि त्याचेच दुसरे रूप असलेला क्रोध हा तो वैरी होय. इंद्रिये, मन व बुद्धी ही त्याची राहण्याची ठिकाणे होत. आणि त्याला जिंकण्याची वाट अमुक आहे, असे त्यांनी सांगितले.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या वा मुलीच्या हातून काही गैर घडते, तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच विचारला जातो: "तू असे केलेसच का?" फरक इतकाच की, येथे विचारणाऱ्याला उत्तर नको असते. मूल खाली मान घालून उभे राहते आणि फार तर "मला माहीत नाही" एवढे म्हणते. पालकांना हे उत्तर उद्धटपणाचे वाटते. वस्तुतः पुष्कळदा ते अक्षरशः खरे असते. आजचे शरीरशास्त्रज्ञ सांगतात की, आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढील भाग वयाच्या पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत राहतो. सुखाकडे व सोबत्यांच्या वाहवेकडे ओढणाऱ्या शक्ती मात्र त्याच्या कितीतरी आधी जोर धरतात. घोडे भरधाव सुटावेत आणि सारथी अजून लगाम धरावयास शिकत असावा, तशी ही अवस्था आहे. यामुळे चूक ही चूक राहात नाही असे नव्हे. परंतु अशा वेळी रथाजवळ कोणी तरी जाणते माणूस असावे लागते, आणि ते माणूस घोड्यांवर ओरडणारे असून चालत नाही.

एक उदाहरण कल्पावे. मध्यम स्थितीच्या, देवधर्म सांभाळणाऱ्या एका घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. वडिलांच्या मोबाइलवरून पैसे पाठविताना जे गुप्त अंक दाबावे लागतात, ते त्याने पाहून ठेवले आणि महिन्याभरात तीन खेपांनी चोवीसशे रुपये एका खेळातील आभासी शस्त्रे विकत घेण्यात घालविले. आईच्या लक्षात आले तेव्हा तो म्हणाला, "बँकेची चूक असेल." वडील त्याच्यावर विश्वास ठेवून बँकेत गेले, तेथील कारकुनाशी जरा आवाज चढवूनच बोलले, आणि कारकुनाने शांतपणे दाखवून दिले की, तिन्ही व्यवहार त्यांच्याच मोबाइलवरून व त्यांच्याच अंकांनी झालेले आहेत. रांगेतील चार माणसे ऐकत होती.

घरी परतताना त्या गृहस्थांच्या मनात जो संताप उसळला असेल, त्याचे पृथक्करण करून पाहण्याजोगे आहे. त्यात चोवीसशे रुपये गेल्याचे दुःख आहे. मुलगा खोटे बोलला याचे दुःख आहे. परंतु प्रामाणिकपणे पाहिल्यास, त्या संतापातील सर्वांत मोठा वाटा कारकुनाच्या त्या नजरेचा आणि रांगेतील चार माणसांचा आहे. मुलाच्या अधोगतीची चिंता मागे राहिली आहे आणि स्वतःच्या प्रतिष्ठेची जखम पुढे झाली आहे. दुसऱ्या अध्यायात श्रीभगवंतांनी पतनाची जी साखळी दाखविली आहे, तीत क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतीचा नाश सांगितला आहे. ही स्मृती कोणती, याचा उलगडा पालकांच्या बाबतीत फार सोपा आहे. आपणही एकेकाळी पंधरा वर्षांचे होतो, ही ती स्मृती होय. ती गेली की बुद्धी जाते, आणि मग जे बोलले जाते ते मुलाच्या हिताचे नसते, स्वतःच्या जखमेवरचे औषध असते.

म्हणून अशा प्रसंगी मुलाला समोर बोलावण्यापूर्वी वडिलांनी स्वतःलाच एक प्रश्न करावा हे बरे: हे कोणाला कळले नसते, तर माझा राग इतकाच असता काय?

या प्रतिष्ठेच्या मोहाचे दुसरेही एक रूप आहे, आणि ते अधिक घातक आहे. काही घरांत राग येत नाही. चूक झाकली जाते. शाळेतून तक्रार आली तर शिक्षकांचा दोष काढला जातो, शेजाऱ्यांनी सांगितले तर शेजारी मत्सरी ठरतात. आमचा मुलगा तसा नाही, हे वाक्य अशा घरांतून नित्य ऐकू येते. महाभारतात या पितृत्वाचे चित्र धृतराष्ट्राच्या रूपाने कायमचे काढून ठेविले आहे. द्यूतसभेत शकुनी फासे टाकीत असता, विदुरासारखे लोक माना खाली घालून बसले असता, तो वृद्ध राजा हर्ष लपवू न शकल्यामुळे पुनःपुन्हा विचारीत होता की, जिंकले काय? पुत्राचे पाप चालू आहे आणि पित्याला त्याच्या फळाची ओढ लागली आहे! हा राजा अधर्म जाणत नव्हता असे नाही. विदुराने त्याला रात्र रात्र बसून सांगितले होते. तो जाणत होता, मान्यही करीत होता; फक्त ते मुलापाशी बोलून त्यावर ठाम राहण्याची शक्ती त्याच्यात नव्हती.

गीतेचा पहिला श्लोक याच पित्याच्या मुखातून निघाला आहे, हे वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. त्यात तो स्वतःच्या पुत्रांना 'माझे' म्हणतो आणि भावाच्या पुत्रांना वेगळे काढतो. त्या एका 'माझे' शब्दात त्याच्या घराचा सर्व इतिहास आला. मुलाला 'माझा' म्हणणे निराळे आणि मुलाशी नाते असणे निराळे. 'माझा' म्हणणारा मुलाकडे आपल्या मालकीची वस्तू म्हणून पाहतो. वस्तू चकाकली तर मिरवितो, तिला डाग पडला तर झाकतो किंवा आपटतो. दोन्हींत वस्तूचे मन विचारात घेतलेले नसते. नाते असलेला मात्र डाग पाहू शकतो, तो डाग आहे असे म्हणू शकतो, आणि तरीही मुलाजवळ बसून राहू शकतो.

त्याच घरात गांधारी होती. श्रीकृष्णांच्या शिष्टाईच्या वेळी तिला सभेत पाचारण करण्यात आले, तेव्हा तिने आधी पतीला सांगितले की, पुत्राचा दुष्टपणा ठाऊक असूनही त्याच्याच मागे जाणारे तुम्हीच या गोष्टीस अधिक जबाबदार आहात. आणि मग पुत्राला हिताचे चार शब्द ऐकविले. पुढे युद्धाच्या अठराही दिवसांत दुर्योधन विजयाचा आशीर्वाद मागावयास येई, आणि ती माता प्रत्येक दिवशी, जेथे धर्म आहे तेथेच जय होईल, एवढेच म्हणे. केवढे हे सत्य! परंतु ते किती उशिरा आले! दुर्योधन ते उत्तर ऐकून रोज रणांगणाकडे वळत होता. लहानपणी भीमाला विष घातले गेले त्या दिवशी हे सत्य त्या घरात कोणी त्या मुलापाशी ठामपणे बोलले असते, तर पुढचे पर्व कसे लिहिले गेले असते, हा विचार मनात येतोच.

आता याच्या उलट चित्र पाहावे. ते फार प्राचीन नाही आणि त्याला साक्षीदारही दुसरा कोणी नसून तो मुलगाच आहे. १८६९ साली जन्मलेले मोहनदास गांधी पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या मोठ्या भावाला सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या दंडात भरीव सोन्याचे कडे होते. त्यातील सोन्याचा एक तुकडा काढून मोहनदासाने ते कर्ज फेडले. कर्ज फिटले, परंतु चोरी मनातून जाईना. वडिलांना सांगावे असे ठरले, पण जीभ उचलेना. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वडील मारतील ही भीती त्याला नव्हती. त्यांनी मुलांवर हात उगारल्याचे त्याला आठवत नव्हते. त्याला भीती होती ती त्यांना होणाऱ्या दुःखाची.

अखेर त्याने एका कागदावर कबुली लिहिली, योग्य शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली, आणि माझ्या अपराधासाठी आपण स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती केली. करमचंद गांधी त्या वेळी भगंदराने आजारी असून साध्या लाकडी फळीवर निजून असत. मुलाने थरथरत्या हाताने कागद दिला. ते वाचण्यासाठी उठून बसले. डोळ्यांतून आसवे गळून कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, मग कागद फाडून टाकला आणि ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही बोलले नाहीत. मुलगाही रडला. हे वडील स्वभावाने शांत होते म्हणून असे घडले असे कोणी समजेल, तर तसे नाही. मुलाने पुढे आत्मचरित्रात त्यांना सत्यप्रिय, शूर आणि उदार म्हटले आहे, आणि त्याच ओघात ते तापट होते हेही नोंदविले आहे. ते रागावतील, कठोर बोलतील, कपाळ बडवून घेतील, अशी त्याचीही अपेक्षा होती. त्या तापट पुरुषाने त्या एका क्षणी राग गिळला. पुढे वर्षभराच्या आसपास, १८८५ साली, त्यांचे देहावसान झाले. मुलाला ते अश्रू जन्मभर पुरले.

या कथेचा आदर करणारे पुष्कळ आहेत. परंतु तिच्यापासून पुष्कळदा अर्धाच बोध घेतला जातो. क्षमा केली म्हणजे मूल सुधारते, असे म्हणून लोक थांबतात. खरे पाहता क्षमेच्या आधी कबुली आहे, आणि कबुलीच्याही आधी असे एक घर आहे की जेथे सत्य बोलण्याची किंमत मुलाला परवडते. त्याच घरात त्याच मुलाने पूर्वी वर्षभर चोरून मांसाहार केला होता आणि जेवणाच्या वेळी आईला खोटी कारणे सांगितली होती. आईवडिलांशी असत्य बोलणे त्याला असह्य झाले तेव्हा त्याने तो नाद सोडला, पण ती गोष्ट त्या दोघांना अखेरपर्यंत कळली नाही. म्हणजे उत्तम घरांतही मुले लपवितात. मूल काहीच लपवीत नाही असा अभिमान बाळगणारा पालक बहुधा सर्वांत कमी जाणणारा असतो. पाहावयाचे ते एवढेच की, ओझे असह्य होईल त्या दिवशी ते कोणापाशी उतरवावे, याचे उत्तर मुलाजवळ आहे की नाही.

हे उत्तर अपराधाच्या दिवशी तयार होत नसते. जे वडील दारावरच्या वसुलीवाल्याला, "सांग, बाबा घरी नाहीत" असे मुलाकडूनच सांगवितात, जी आई नातेवाइकांना फोनवर गोड बोलून फोन ठेवताच त्यांची निंदा आरंभिते, त्यांनी मुलाच्या असत्याने चकित होण्याचे कारण काय? मुलाने शिकलेलाच धडा म्हणून दाखविला. श्रेष्ठ जे आचरितो तेच इतर लोक प्रमाण मानून चालतात, हा तिसऱ्या अध्यायातील सिद्धांत राजांना व आचार्यांना लावण्यात रस असलेले गृहस्थ तो आपल्या स्वयंपाकघराला लावण्यास विसरतात. पंधरा वर्षांच्या मुलाची दृष्टी या बाबतीत गरुडासारखी असते. त्याला वडिलांच्या भाषणातील आणि वर्तनातील अंतर एका क्षणात दिसते, आणि तेथूनच त्याच्या मनात घरच्या धर्माविषयी तुच्छता सुरू होते. मुले देवपूजेला नाक मुरडतात, अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ घरांत तपास केला, तर मुलांचे भांडण देवाशी नसून देवघरातून उठून दुकानावर बसल्यावर बदलणाऱ्या माणसाशी आहे, असे आढळेल.

यावर उपाय कठीण आहे, पण गुंतागुंतीचा नाही. चूक झाली तर पालकांनी ती मुलासमोर कबूल करावी. "काल मी तुझ्यावर विनाकारण ओरडलो, ते चुकले" एवढे एक वाक्य ज्या घरात वडिलांच्या तोंडून निघते, त्या घरात मुलाला कबुलीची भाषा शिकवावी लागत नाही. असे केल्याने मान कमी होतो, अशी भीती पुष्कळांस वाटते. मान कमी होत नाही. भीती कमी होते. आणि भीतीलाच मान समजण्याची सवय जडली असल्यामुळे हा फरक ध्यानात येत नाही.

सत्य बोलावे कसे, याचेही मार्गदर्शन गीतेत आहे. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना श्रीभगवंतांनी बोलणे कोणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे असे म्हटले आहे. हे चारही गुण एकाच वेळी हवेत, म्हणूनच त्याला तप म्हटले आहे. रागीट पालक त्यातील सत्य तेवढे उचलतात आणि त्याचा दगड करून मारतात. मायाळू पालक प्रिय तेवढे उचलतात आणि सत्य गिळतात. कल्पिलेल्या त्या मुलाला, "तू चोर आहेस, खोटारडा आहेस, तुझे पुढे काय होणार ते दिसतेच आहे" असे म्हणणे यात सत्य किती आहे? त्याने चोरी केली, हे सत्य आहे. तो चोर आहे, हे भविष्य आहे. आणि हे भविष्य वडिलांनी उच्चारले तर मुलगा ते खरे करून दाखविण्याचा संभव फार. "तू तीन वेळा पैसे घेतलेस, आईशी खोटे बोललास, आणि त्या खोट्यापायी मी एका निरपराध माणसावर आवाज चढविला" हे बोलणे पहिल्याहून सौम्य नाही. किंबहुना ते अधिक जड आहे, कारण त्यात नाकारण्यासारखे काही नाही. परंतु त्यात मुलाला परत येण्यास जागा आहे.

येथे श्रद्धेचा प्रश्न येतो. मनुष्य श्रद्धामय आहे, ज्याची जशी श्रद्धा तसाच तो असतो, असे सतराव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे. लहान वयात स्वतःविषयीची ही श्रद्धा मूल कोठून मिळविते? मुख्यत्वेकरून आईवडिलांच्या डोळ्यांतून. नवव्या अध्यायात तर श्रीभगवंतांनी अत्यंत दुराचारी माणसाबद्दलही, त्याने अनन्यभावाने भक्ती धरली तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे, असे म्हटले आहे. आधी तो साधू होऊ दे, मग मानू, असा हा क्रम नाही. निश्चय झाला त्या क्षणी मान्यता आहे, आणि तो लवकरच धर्मात्मा होतो हे वचन मागून आले आहे. मुलाने "पुन्हा करणार नाही" म्हटले आणि ते मनापासून म्हटले, तर त्या क्षणी त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलणे हे पालकाचे काम आहे. दर चार दिवसांनी जुना अपराध जेवणाच्या ताटावर वाढणे हे त्या निश्चयाच्या मुळावर घाव घालण्यासारखे आहे.

परंतु श्रद्धा म्हणजे डोळेझाक नव्हे. गुप्त अंक तेच ठेवून, मोबाइल उघडा टाकून, "माझा तुझ्यावर विश्वास आहे" असे म्हणणे हा विश्वास नाही, परीक्षा आहे. आणि दुर्बल क्षणी असलेल्याची परीक्षा घेणे हे निर्दयपणाचे आहे. सहाव्या अध्यायात मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, अशी अर्जुनाने तक्रार केली, तेव्हा श्रीभगवंतांनी ती आधी निःसंशय मान्य केली आणि मगच अभ्यास व वैराग्य यांचा मार्ग सांगितला. मोह कठीण आहे हे मान्य करणारा पालक मोहाची साधने दूर ठेवण्यास मदत करतो, आणि त्यात मुलाचा अपमान मानीत नाही.

मुलींच्या बाबतीत हे सर्व आणखी नाजूक होते, आणि तेथे अन्यायही अधिक घडतो. मुलाने रात्री उशीर केला तर दोन शब्द ऐकावे लागतात. मुलीने कोणाशी चोरून बोलणे केले तर शाळा सुटते, मोबाइल जातो, कधी कधी घाईने स्थळ पाहिले जाते. अपराध एकाच मापाने मोजला जात नाही, हे मुलीला फार लवकर कळते. आणि ज्या घरात न्याय नाही त्या घरात सत्य बोलण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष तिने काढला तर तिला दोष देता येत नाही. लोक काय म्हणतील, हा प्रश्न अशा वेळी मुलीच्या सुखदुःखाहून मोठा होऊन बसतो. ती ज्या संकटात सापडली असेल, त्यातून तिला वाचवू शकणारी माणसे घरातलीच असतात. आणि नेमक्या त्यांनाच ती सांगू शकत नाही.

शिक्षेविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. पाच वर्षे लाड करावेत, पुढे दहा वर्षे ताडन करावे, आणि सोळावे लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असे एक नीतिवचन आपल्याकडे प्रसिद्ध आहे. त्यातील मधली दहा वर्षे लोकांच्या चांगली लक्षात राहतात. परंतु दहा वर्षे ज्याला मारले, तो सोळाव्या वाढदिवशी सकाळी उठून मित्र कसा होणार, याचा विचार कोणी करीत नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी मुलांना शिकवीत असत. तेथील एका सतरा वर्षांच्या, दांडगट व खोटे बोलणाऱ्या मुलाला त्यांनी एकदा रूळ उचलून दंडावर मारले. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला आणि त्याने क्षमा मागितली. पण अंगाला लागले म्हणून तो रडला नाही, मारणाऱ्याला झालेले दुःख त्याला दिसले म्हणून रडला, असे गांधीजींनी लिहिले आहे. म्हणजे मार उपयोगी पडला असे म्हणावे काय? त्यांनी स्वतः तसे मानले नाही. त्या माराने आपल्यातील आत्म्याचे नव्हे, पशूचे दर्शन घडविले असे त्यांना वाटले, आणि पुन्हा त्यांनी मुलावर हात उचलला नाही.

पुढे १९१३ साली फिनिक्स आश्रमातील दोघांचे नैतिक स्खलन झाल्याचे कळताच त्यांनी सात दिवसांचा उपवास आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचे व्रत घेतले. आपल्या पाल्याच्या पतनात पालकाचा काही अंश आहेच, अशी त्यांची धारणा होती. असल्या उपवासाचे अनुकरण मात्र जपूनच करावे. जेथे दोघांत खरे प्रेम नाही, तेथे असा उपवास अयोग्य व हानिकारकही ठरेल, असे त्यांनीच बजावले आहे. "तू असा वागलास म्हणून मी जेवत नाही" असे म्हणून मुलाला कोंडीत पकडणाऱ्या आया कमी नाहीत. ती तपश्चर्या नव्हे. ती बिनकाठीची छडी होय.

आणि याच थोर पुरुषाच्या जीवनातील एक गोष्ट येथे टाळणे असत्याचे होईल. त्यांचा ज्येष्ठ पुत्र हरिलाल, जन्म १८८८, हा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात वारंवार तुरुंगात गेला होता. त्याला शिक्षणासाठी विलायतेस जाण्याची आस होती, ती पुरी झाली नाही. १९११ साली तो वडिलांपासून दुरावला. पुढे तो व्यसनात बुडाला, आणि १९४८ साली, पित्याच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, मुंबईस मरण पावला. या दुराव्याचा सर्व दोष एकाच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल, आणि हरिलाल काही अजाण बालकही नव्हता. तथापि ज्याच्या अपराधाची चिठ्ठी फाडून टाकणारा पिता लाभला होता, त्यालाही पिता म्हणून आपल्या मुलाचे मन राखणे साधले नाही. ज्येष्ठ पुत्र आपली व्यथा खाजगीत आणि वृत्तपत्रांतूनही बोलून दाखवितो, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. पित्याचे तत्त्व निर्मळ होते. परंतु ते तत्त्व मुलाने स्वतः निवडलेले नव्हते. सत्याचा मार्गही दुसऱ्याच्या खांद्यावर जू म्हणून ठेवला, तर तो मार्ग राहात नाही, याहून मोठे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

गीतेची रचनाच या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. उपदेशाच्या आरंभी श्रीभगवंत अर्जुनाला स्पष्ट शब्दांत फटकारतात. दुबळेपणाला दुबळेपणाच म्हणतात. पण अर्जुन ते ऐकून घेतो, उठून जात नाही. का? अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन क्षमा मागतो की, खेळताना, निजताना, बसताना, जेवताना आपल्याला मित्र समजून मी काय वाटेल ते बोललो. म्हणजे उपदेशापूर्वी एवढे सर्व होते! बरोबर जेवणे होते, थट्टा होती. त्या वर्षानुवर्षांच्या सहवासाच्या बळावर रणांगणातील ते कठोर शब्द पचले. ज्या वडिलांनी मुलाशी आठवड्यात गुणपत्रिकेखेरीज अन्य विषयावर दहा मिनिटे संभाषण केले नाही, त्यांनी संकटाच्या दिवशी आपला शब्द मुलाच्या काळजात उतरावा अशी अपेक्षा करू नये. आणि अखेरीस, अठराव्या अध्यायात, सर्व ज्ञान सांगून झाल्यावर श्रीभगवंत म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. जे सर्वांच्या हृदयात राहून सर्वांना चालवितात, तेही येथे निवड अर्जुनावर सोपवितात.

त्या कल्पिलेल्या घराकडे पुन्हा वळावे. वडील बँकेतून परत आले आहेत. समजा, त्यांनी लगेच मुलाला बोलाविले नाही. हातपाय धुतले, देवासमोर थोडा वेळ बसले आणि राग पुरता निवला नाही तरी त्याचे तोंड ओळखून उठले. मग मुलाला जवळ बसवून त्यांनी झालेली हकीकत सांगितली. कारकुनाचे शांत बोलणे, रांगेतील माणसे आणि आपल्याला वाटलेली लाज, यांतील काही वगळले नाही. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. "माहीत नाही" असे एकदा म्हणाला. नंतर रडत सारे बोलला. शाळेतील मुलांमध्ये आपल्यापाशीच ती शस्त्रे नव्हती, हेही बोलला. पैसे त्याने भरून द्यावेत असे ठरले. दरमहा मिळणारे खाऊचे पैसे आणि दिवाळीच्या नव्या कपड्यांचे पैसे मिळून ते फिटावयास आठ महिने लागणार होते. आईचे मन कपड्यांच्या बाबतीत थोडे कचरले, पण ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वडील त्याला बँकेत घेऊन गेले. क्षमा मात्र वडिलांनीच मागितली, कारण आवाज त्यांनी चढविला होता. मुलगा बाजूला उभा राहून ऐकत होता.

घरी येताना वाटेत तो म्हणाला, "बाबा, मोबाइलचे ते अंक बदलून टाका."

"का रे? पुन्हा करशील असे वाटते का?"

"करणार नाही. पण मला अंक ठाऊक आहेत, हे रात्री आठवते."

वडिलांनी रस्त्याच्या कडेला थांबून तेथेच अंक बदलले. मुलगा तोंड फिरवून दुसरीकडे पाहात उभा राहिला, आणि मग दोघे घराकडे चालू लागले.